हजारावी दुरुस्ती

हातून गेलेल्या पुस्तकात एखादी चूक राहून गेली, तर दोन दिवस तिला अन्न गोड लागत नसे. पोटापाण्याचा उद्योग मुद्रितशोधनाचा. दिवसभर परक्या वाक्यांवरून पेन्सिलीचं टोक फिरवायचं, नको ते खोडायचं, आणि संध्याकाळी इतर माणसं पाय सोडून बसतात तशी ती नकाशा उघडून बसे.

हा नकाशा कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. शहरातल्या हौशी माणसांनी फावल्या वेळात गल्लीबोळ तुडवून तो संगणकावर उभा केला होता. कुणी त्यात बाकडी मांडली होती, कुणी पिण्याच्या पाण्याचे नळ, तर एकाने नुसती सावलीची झाडं. कुणालाही त्यात भर घालता येई आणि कुणालाही त्यातलं पुसता येई. पण मांडणाऱ्यांची झुंबड आणि पुसणाऱ्यांची वानवा, हे इतरत्र असतं तसं इथेही होतंच. दुकानं बंद पडत, दवाखाने जागा बदलत, वाचनालयाच्या जागी व्यायामशाळा येई, आणि नकाशा मात्र हट्टी नातेवाइकासारखा जुनंच खरं धरून बसे. ज्या नोंदीची तीन वर्षांत कुणी खात्री केलेली नाही, तिचा ठिपका आपोआप राखाडी होई. राखाडी हा मरणाचा रंग नव्हे, विस्मरणाचा. त्या ठिपक्यांचा माग काढत हिंडायचं, जे खरोखर उरलं नसेल ते पुसायचं, हे काम तिने आपण होऊन अंगावर घेतलं होतं. आणि ते अशा निष्ठेनं निभावलं होतं की नकाशेवाल्या मंडळींनी तिला नावच पाडून दिलं होतं. खोडरबर.

ही मंडळी दर रविवारी सकाळी एका इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत जमत. खालून वाफेचा फुसकारा आणि गरम कापडाचा वास वर येत राही. त्यांच्यात वडीलधारे म्हणजे मोजणीदार काका. जमिनीच्या मोजणीत उभी हयात घालवून निवृत्त झालेले, ताठ, मितभाषी. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात अजूनही कागद टाचायच्या टाचण्या असत. त्यांनी भिंतीवर एकच नियम ठळक अक्षरांत लावून ठेवला होता: पाय लागल्याशिवाय पुसायचं नाही. म्हणजे ठिकाणाच्या दारापर्यंत जायचं, दार वाजवायचं, माणूस असेल तर विचारायचं, आणि मगच नोंद काढायची. काढताना आपल्याला हे कसं कळलं त्याचा शेराही लिहायचा.

त्या एका रविवारी खोडरबरच्या पुसलेल्या नोंदींचा आकडा नऊशे नव्याण्णव झाला होता. खोलीत मंडळी वाट पाहत होती. यादीत शेवटचा ठिपका उरला होता तो नदीकाठच्या सायकलवाटेमागच्या गल्लीतला: ‘सायकल दुरुस्ती’. ती गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा तिच्या पायांतले नवे बूट तिला अक्षरशः खात होते. तिने तिथूनच पाहिलं. दूरवर एक दार, त्याला फुलाफुलांचा पडदा, पायरीवर ओळीनं तीन कुंड्या. पाटी नाही, टांगलेलं टायर नाही, जमिनीवर तेलाचा डाग नाही. सायकलच्या दुकानाला फुलाफुलांचा पडदा कोण लावतं? तिने उभ्या उभ्या फोनवर नोंद पुसली आणि शेरा लिहिला, ‘स्वतः दारापर्यंत जाऊन पाहिलं. दुकान नाही.’

खोलीत टाळ्या झाल्या. काकांनी कागदात गुंडाळलेला विटेएवढा गुलाबी खोडरबर तिच्या हातात ठेवला. टाळ्या थोड्या टोचल्या, नाही असं नाही. पण बुटांइतक्या नाहीत.

सहा आठवड्यांनी नकाशावर चिठ्ठी आली. कुणालाही काही सांगायचं असेल तर त्या जागेवर चिठ्ठी डकवायची सोय होती. बहुतेक चिठ्ठ्या ‘इथे रस्ता नाही, भिंत आहे’ इतक्याच असत. ही वेगळी होती.

‘नमस्कार. या ठिकाणी सायकल दुरुस्तीची नोंद होती, ती दिसत नाही. नोंद गेल्यापासून आज त्रेचाळीस दिवस एकही माणूस आलेला नाही. आम्ही दोघी घरीच असतो. कृपया जोडणी पूर्ववत करावी. प्रतीक्षेत आहोत.’

खोडरबरने ती तीनदा वाचली. सवयीनं चूक शोधली. पण काना, मात्रा, विरामचिन्ह, सगळं जिथल्या तिथे होतं. इतकी निर्दोष वेदना तिच्या टेबलावर आजवर आली नव्हती. चूक होती ती एकच, आणि ती चिठ्ठीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, जुने बूट घालून ती त्या गल्लीत गेली. या वेळी तोंडाशी न थांबता चालत राहिली, आणि पावलं मोजली. त्रेपन्न. खोटं बोलायला त्रेपन्न पावलं पुरली होती.

तिने दारावर एक टकटक केली, दुसरीसाठी बोट वर नेलं तोच दार उघडलं. सत्तरी ओलांडलेली, उंच, शिडशिडीत बाई समोर उभी होती.

“या. मागचं की पुढचं?”

“काय?”

“चाक हो. हवा मागच्याची गेली की पुढच्याची?” बाईंनी तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. “आणि सायकल कुठंय?”

“सायकल नाही. मी त्या चिठ्ठीसाठी आलेय. नकाशावरच्या.”

बाईंनी मान आत वळवली. “वहिनी, लागला हो नंबर. नकाशावाले आलेत.”

“किती जण?” आतून आवाज आला.

“एकच. बाई आहे.”

“मग मी चहाचं बघते. आणि वन्सं, मी आल्याशिवाय सुरुवात करू नका. तुम्ही सांगितलंत की गोष्ट पहिल्या मिनिटाला संपते.”

अशी ती नणंद-भावजय. उंच, ताठ, शब्द तोलून टाकणाऱ्या त्या वन्सं. बुटक्या, गोल, बोलताना हातवारे करणाऱ्या त्या वहिनी. वन्संनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून काढली होती, वहिनींनी तितकीच वर्षं शिवणयंत्रावर. वन्संचा भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, याच पुढच्या खोलीत सायकली दुरुस्त करत. ते जाऊन आता आठ वर्षं झाली होती.

खोडरबरने खोलीभर नजर फिरवली. खिडकीशी शिवणयंत्र होतं, त्याच्याजवळ कापड बेतायचं लांबलचक टेबल. पण टेबलाखाली पाण्याचा टब होता, भिंतीवरच्या खुंट्यांना कात्र्यांच्या शेजारी आकारानुसार नट आवळायचे पाने लटकत होते, आणि दोऱ्याच्या रिळांच्या डब्यात ट्यूबची काळी ठिगळं रचून ठेवली होती, एकजात गोल.

“गोलच कापायचं,” वहिनींनी कप पुढे ठेवत सांगितलं. “कोपरा असला की तो आधी सुटतो. कापडाचंही तसंच आणि माणसाचंही.”

“मुद्द्यावर या,” वन्सं म्हणाल्या.

“येतेय. तर हे गेल्यावर पाटी मीच काढली. दाराला पडदा लावला. आणि वर्षानं एक दिवस दार वाजलं. बाहेर एक मुलगी, सायकल आडवी धरलेली, हातात फोन. म्हणाली, मालक आहेत का?” वहिनींचा हात हवेत थांबला. “मला ‘नाहीत’ म्हणवेना हो. म्हटलं असतं, तर ते तिच्यासमोर परत एकदा गेले असते. म्हटलं, बसा, येतीलच.”

“येतीलच,” वन्संनी री ओढली. “माणूस जाऊन वर्ष झालेलं, आणि ह्या म्हणतात येतीलच. मी आत बटाटे सोलत होते. हातातली सुरी खाली पडली.”

“मग आता कुणीतरी यायला हवंच ना? म्हणून मी त्यांची पेटी घेऊन आले. तीन तास लागले. ह्यांना रोज करताना पाहिलं होतं, पण पाहणं वेगळं. पोरीला चहा दिला, नंतर जेवायलाच वाढलं. शेवटी चाक बसलं, पोर गेली, आणि गल्लीच्या टोकाशी जाऊन परत आली.”

“टायर उचकटायची लोखंडी पट्टी आतच राहिली होती,” वन्सं म्हणाल्या. “टक, टक, टक. मला इथूनच ऐकू येत होतं.”

दोघी हसल्या, आणि इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सुटावा तसं खोडरबरलाही हसू आलं. त्या मुलीमागोमाग दुसरा आला, तिसरा आला. सायकलवाटेवर जिथे हवा जाई तिथून माणसं फोनवर सर्वांत जवळचा ठिपका शोधत आणि तो ठिपका त्यांना या दारात आणून उभा करी. आठवड्याला दोन, कधी तीन. वहिनींची बोटं तयार झाली. वन्संचा तर वेगळाच प्रकार: ट्यूब कुठे फुटलीय ते त्या कानानं शोधत.

“तीस वर्षं लाइनीतली खरखर ऐकलीय,” त्या म्हणाल्या. “कुठल्या खांबापाशी बिघाड आहे ते मी बसल्या जागी सांगत असे. ट्यूब त्यापुढे काय?”

“पाण्यात धरली की बुडबुडा दिसतो. त्यात वाद नाही,” वहिनी म्हणाल्या. “कान वयाप्रमाणे थकतात.”

“तुमच्या डोळ्यांपेक्षा दहा वर्षांनी तरुण आहेत.”

वन्संनी कपाटातून एक जाड वही काढून खोडरबरसमोर ठेवली. एक्स्चेंजमधल्या सवयीनं त्यांनी आलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवली होती: तारीख, चाक, कारण, कुठून कुठे. सात वर्षांची. ‘पुढचं. काच. परीक्षेला निघाली होती. वेळेत पोचली, नंतर कळवलं.’ ‘मागचं. खिळा. नवरा-बायको एकाच सायकलवर. भांडत आले, हसत गेले.’ ‘दोन्ही. काटे. आडवाटेनं आला, तरी परत आडवाटेनंच गेला.’ आणि ज्या दिवशी कुणी येत नसे त्या दिवशी तारखेपुढे नुसतं ‘नाही’. शेवटच्या दोन पानांवर ‘नाही’शिवाय दुसरा शब्द नव्हता. एकाखाली एक, ‘नाही’ची उभी रांग, जणू एखाद्या कवितेला एकच ओळ सुचली आणि ती तिथेच अडकून पडली.

“मी रोज सकाळी बघत असे, ठिपका आहे ना,” वन्सं म्हणाल्या. “लाइन चालू आहे का ते बघायची सवय. एके दिवशी नव्हता. लाइन पडली की लगेच ओरडायचं नसतं, आधी वाट बघायची असते.”

“वाट कसली? चिठ्ठी कशी लावायची ते महिनाभर जमत नव्हतं,” वहिनी म्हणाल्या, आणि खोडरबरकडे वळल्या. “कुणी पुसलं ते तिथे लिहिलेलं असतं म्हणे. वन्संनी वाचून दाखवलं. खोडरबर का कोण. म्हणे, स्वतः दारापर्यंत जाऊन पाहिलं. अहो, त्या रविवारी दोघी दिवसभर घरात. दार कुणी वाजवलं नाही.”

“वाजवलं असतं तर मला ऐकू आलं असतं.”

“ज्यानं कुणी लिहिलं, त्याच्या दोन्ही चाकांतली हवा एकदम जावो,” वहिनी म्हणाल्या, आणि बशीतलं बिस्किट पुढे सरकवलं. “घ्या ना. तुम्ही काय करता?”

“मी चुका शोधते,” खोडरबर म्हणाली. “पुस्तकांतल्या.” चहाचा घोट घशात आडवा झाला, आणि तो खाली उतरताना मोठा आवाज झाला.

“मग आमची पण शोधा,” वहिनी म्हणाल्या. “पैज लावून सांगते, आमची काही नसेल.”

त्या संध्याकाळी ती नकाशासमोर बसली. पुसलेली नोंद परत आणायला एक कळ पुरेशी होती. तिने बोट कळीवर टेकवलं, आणि जुनी नोंद एकदा नीट वाचली. मालकाचं नाव: गेलेल्या माणसाचं. वेळ: सकाळी नऊ ते रात्री नऊ. ‘नव्या सायकलीही मिळतील.’ दूरध्वनी: बंद पडलेला. खाली बारीक अक्षरांत, ही नोंद कुठून आली ते: एका जुन्या व्यापारी यादीवरून उतरवलेली, आणि उतरवल्याची तारीख मालक गेल्यानंतरची. म्हणजे ही नोंद एक दिवसही खरी नव्हती. जन्मतःच खोटी, आणि त्या खोट्याचं बोट धरून सात वर्षं खरी माणसं खऱ्या दारात येत राहिली, इतकी की आतल्या दोघींनी मिळून ते खोटं जवळजवळ खरं करून टाकलं होतं. ‘जवळजवळ’ हा शब्द तिला प्रूफात नेहमी खटकत असे. तो आता तिच्या छातीवर येऊन बसला. कळ दाबावी, तर एक खोटं झाकायला दुसरं. न दाबावी, तर उद्याच्या तारखेपुढे वन्सं पुन्हा तोच शब्द लिहिणार. तिने बोट उचललं.

रविवारी ती खोलीत सगळ्यांच्या आधी पोचली आणि मंडळी जमल्याबरोबर उभी राहून सगळं सांगून मोकळी झाली. त्रेपन्न पावलं, बूट, शेरा, वही. खालून वाफेचा लांब फुसकारा आला, जणू खोलीच निश्वास सोडत होती.

“अगं, मग लावून टाक ना परत,” सावलीची झाडं मांडणारा बेकरीवाला म्हणाला. “कोण बघतंय?”

“कोण बघतंय म्हणूनच तर हे झालं,” मोजणीदार काका म्हणाले. त्यांनी भिंतीवरच्या स्वतःच्याच नियमाकडे पाहिलं. “दया आली म्हणून नकाशावर काही ठेवायचं नाही. उद्या कुणी दोन मैल सायकल ढकलत येईल. त्याला दया नको असते, चाकात हवा हवी असते. तिथे दुरुस्ती खरंच होते का, ते बघायचं. होत असेल तर नवी नोंद. नसेल तर चहा पिऊन परत.”

“आणि मी?”

“तू पुढे चाल. दार तू वाजवायचंस. आम्ही मागून ऐकतो.”

मंडळी निघाली: खोडरबर, बेकरीवाला, दातांची एक डॉक्टरीण, आणि काका. काकांनी आपली जुनी काळी सायकल बरोबर घेतली होती, पण ते तिच्यावर बसले नव्हते. हाताने ढकलत होते. गल्लीत शिरता शिरता डॉक्टरीण म्हणाली, “काका, मागच्या चाकात हवा नाही.”

“वाटेत काहीतरी लागलं असेल,” काका आभाळाकडे पाहत म्हणाले.

त्रेपन्नावं पाऊल पडलं. खोडरबरने दार वाजवलं, चांगलं तीनदा.

“मागचं की पुढचं?” दार उघडताच वन्संनी विचारलं, आणि त्यांची नजर सायकलवर गेली. एकोणपन्नास दिवसांनी समोर खरं चाक उभं होतं.

“मागचं,” काका म्हणाले.

वन्सं बाजूला झाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण आत वळून त्यांनी मारलेल्या हाकेत एका एक्स्चेंजचे सगळे दिवे एकदम लागले. “वहिनी, आलं.”

वहिनी बोटातलं शिवणाचं टोपण काढत धावतच आल्या. पुढे जे झालं ते पाहायला मंडळी भिंतीला टेकून उभी राहिली. सायकल उलटी झाली, पट्टी सरकली, टायर सुटलं, ट्यूब सापाच्या पिलासारखी बाहेर आली. वहिनींनी पंप मारला. वन्संनी ट्यूब दोन्ही हातांत धरून कानाजवळ नेली, डोळे मिटले, आणि ती सावकाश फिरवू लागल्या. बेकरीवाल्यानं श्वास रोखून धरला. गल्लीत कुणीतरी खिडकी लावली. एका जागी वन्संची बोटं थांबली.

“इथे.”

“बघू,” म्हणत वहिनींनी ती जागा पाण्यात बुडवली. मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ सरळ वर आली. “बरोबर आहे,” त्या जराशा नाराजीनंच म्हणाल्या.

“पण हे रस्त्यावरचं नाही,” वन्सं म्हणाल्या. “काच कुरकुरते, खिळा घोगरा बोलतो. हा आवाज बारीक आहे. टाचणीचा. एकदाच, सरळ आत गेलेली.”

वहिनींनी टायरच्या आतून बोट फिरवलं, मग बाहेरून. “ओरखडा म्हणून नाही. हे कुणीतरी शांत बसून, जागा बघून टोचलंय. कापडात पहिला टाका घालतात तसं.”

सगळ्यांच्या माना हळूहळू काकांकडे वळल्या. काकांचे कान तांबडे झाले. त्यांनी खिशातून एक टाचणी काढून टेबलावर ठेवली.

“खात्री करायची होती,” ते म्हणाले.

“मग विचारायचं ना,” वहिनी म्हणाल्या.

“विचारलं की सगळे हो म्हणतात.”

“वाटेत काहीतरी लागलं असेल,” डॉक्टरिणीनं काकांच्या आवाजात म्हटलं, आणि खोली हास्यानं भरून गेली. काकाही हसले, फार दिवसांनी वापरलेल्या बिजागरीसारखे, आधी अडखळत आणि मग सैल. त्या हसण्याच्या आडोशाला, अजून धीर आहे तोवर, खोडरबर बोलून गेली.

“वहिनी, खोडरबर मीच.”

हसू थांबलं.

“दारापर्यंत आलेच नव्हते. तिकडे कोपऱ्यावर उभी राहिले. पडदा पाहिला, आणि लिहून टाकलं. नवे बूट चावत होते.”

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या पायांकडे.

“आता कुठले घातलेत?”

“जुने.”

“मग ठीक,” वहिनी म्हणाल्या आणि ठिगळाच्या डब्यातून एक गोल निवडू लागल्या. “शाप काही परत घेता येत नाही मला. पण हवा गेली की इथेच ये. दुसरीकडे जायचं नाही.”

“मला मंगळवारीच कळलं होतं,” वन्सं म्हणाल्या.

“कसं?”

“तुझा चहा घशात अडून उतरला. तसा आवाज खोटं बोललेल्या माणसाचाच येतो. एक्स्चेंजमध्ये रोज ऐकत होते.”

“आणि मला सांगितलं नाहीत?” वहिनी उसळल्या.

“तुम्ही बिस्किट देत होतात. मध्ये कशाला बोला?”

ठिगळ चिकटलं, चाक बसलं. काकांनी ते गरागरा फिरवून पाहिलं आणि नकाशेवाल्यांच्या गंभीर आवाजात म्हणाले, “नवी नोंद. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला कळायला हवं, इथे काय आहे ते. पाटी लागेल.”

वहिनींचे हात थांबले. त्या बेतायच्या टेबलापाशी गेल्या, त्यावरचं कापड त्यांनी उचललं. ते टेबल नव्हतं. दोन लाकडी घोड्यांवर पालथी टाकलेली पाटी होती. खालून वाकून पाहिलं की यजमानांचं नाव दिसत होतं, निळ्या अक्षरांत.

“ही लावली की माणसं त्यांनाच हाक मारतील,” वहिनी म्हणाल्या. “मला जमायचं नाही.”

“मग पालथीच लावा,” वन्सं म्हणाल्या. “आठ वर्षं तुम्ही वापरली ती बाजू बाहेर. त्याची बाजू घराकडे. त्याला आतलं दिसेल.”

वहिनींनी नणंदेकडे पाहिलं. गोष्ट पहिल्याच मिनिटाला संपवायची वन्संची सवय कधी कधी उपयोगी पडत असे. खडूच्या रेघा, कात्रीचे व्रण, मापांचे फिकट आकडे; त्या सगळ्यांवर बेकरीवाल्यानं शेजारून मागून आणलेला लाल रंग फिरला. काय लिहायचं यावरून जुंपली. वहिनींना ‘सायकल दुरुस्ती’ हवं होतं, वन्संना ‘दार वाजवा’. पाटी लांब होती, दोन्ही बसलं.

मग नोंद भरायची वेळ आली, आणि खोडरबर फोन उघडून पायरीवर, कुंड्यांच्या शेजारी बसली.

“वेळ?”

“सकाळी नऊ ते संध्याकाळी सात,” वहिनी म्हणाल्या. “दुपारी दोन ते चार बंद. वन्सं झोपतात.”

“मी झोपत नाही. डोळे मिटून ऐकते.”

“घोरताना ऐकता?”

शेवटी ‘दोन ते चार पंप बाहेर ठेवलेला असेल’ असं ठरलं. नावाच्या रकान्यात खोडरबरने ‘वन्सं-वहिनी सायकल दुरुस्ती’ लिहिलं आणि कुणाला विचारलं नाही. शेऱ्याच्या रकान्याशी ती थबकली. तेच जुने शब्द बोटांवर आले. ‘स्वतः दारापर्यंत जाऊन पाहिलं.’ शब्द तेच होते. तिने त्यांच्यापुढे जोडलं, ‘आत बसून चहा घेतला. डोळ्यांदेखत एक पंक्चर निघालं.’ आणि कळ दाबली. रिकाम्या गल्लीवर एक हिरवा ठिपका उमटला, नुकत्याच उघडलेल्या डोळ्यासारखा.

आत वन्सं वही घेऊन बसल्या होत्या. ‘नाही’च्या उभ्या रांगेखाली त्यांनी त्या दिवसाची तारीख घातली आणि टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘मागचं. टाचणी. मुद्दाम.’

“हे कायमचं राहणार का?” काकांनी विचारलं.

“पुसायची आमच्यात पद्धत नाही,” वन्सं म्हणाल्या.

मंडळी निघता निघता दुपार झाली. पाटीचा रंग अजून ओला होता. खोडरबर दाराबाहेर आली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी, नेमकी ती जिथे उभी राहिली होती तिथे, एक माणूस उभा होता. एका हातात सायकल, दुसऱ्यात फोन. तो फोनकडे पाही, मग दाराकडे: पडदा, कुंड्या, ओली पाटी. फुलाफुलांच्या पडद्यानं त्याला पेचात टाकलेलं दिसत होतं. तिचा हात त्याला बोलवायला वर गेला.

“थांब,” मागून वन्सं हळूच म्हणाल्या. “येऊ दे त्याचा तो.”

तो थोडा घुटमळला. मग त्याने सायकल उचलून धरली आणि चालू लागला. खोडरबर नकळत मोजत होती. तिच्या मागे काका मोजत होते, त्यांचे ओठ हलत होते. लांब टांगांचा माणूस. सेहेचाळिसाव्या पावलाला तो पायरीशी पोचला.

“इथे सायकल…” तो पुन्हा पडद्याकडे पाहत म्हणाला. “मालक आहेत का?”

दारात वहिनी उभ्या होत्या, बोटाला लाल रंग लागलेला. त्यांनी पडदा एका बाजूला सारला.

“आहोत की,” त्या म्हणाल्या. “बसा. मागचं की पुढचं?”

“ते मी विचारायचं असतं,” वन्सं त्यांना बाजूला सारत म्हणाल्या.